व्हिप क्रीमच्या केकवर फोटो शीट टिकत नाही, रंग पसरतात. प्रिंटर घेऊ का?

मनीषनगरची_केकवाली

नमस्कार सगळ्यांना. मी नागपुरात घरूनच केकच्या ऑर्डर घेते, बहुतेक एगलेस आणि व्हिप क्रीमवाले. सध्या फोटो केकची मागणी खूप वाढून राहिली, बारसं असो की रिटायरमेंट, सगळ्यांना वरती फोटो पाहिजेच. खायच्या शीटवर फोटोची प्रिंट मी बाहेरून काढून आणते, हातात असते तेव्हा मस्त दिसते पण केकवर ठेवली की थोड्या वेळात कडा वर येतात, मधात लाटा पडतात, आणि फ्रिजमधून काढल्यावर तर रंगच पसरतो. काळे केस हिरवट दिसतात ते वेगळंच. आता शनिवारी पंचवीसव्या अॅनिव्हर्सरीची ऑर्डर आहे, त्यांचा लग्नातला फोटो टाकायचा आहे, दोन किलोचा केक, आणि मला तो खराब झालेला अजिबात चालणार नाही कारण त्या काकूंनी तो फोटो अल्बममधून जपून काढून दिला आहे. दुसरं म्हणजे घरी मुलाचा जुना इंकजेट प्रिंटर पडून आहे, त्यात खायची शाई भरून चालते का? की नवीनच घ्यावा लागेल? ज्यांना अनुभव आहे त्यांनी नक्की सांगा.

धरमपेठ_बेक्स

ताई आधी हे बघा की तुम्हाला दुकानदार शीट कोणती देऊन राहिला, कारण अर्धा प्रॉब्लेम तिथेच आहे. वेफर शीट बटाट्याच्या स्टार्चची असते, पातळ, कडक, थोडी पारदर्शक, कागदासारखा आवाज येतो. आयसिंग शीट म्हणजे साखर आणि स्टार्चची, मऊ, पांढरी शुभ्र, मागे प्लास्टिकचा कागद असतो तो सोलून काढावा लागतो. वेफर स्वस्त पडते म्हणून पुष्कळ जण तीच देतात. पण व्हिप क्रीममध्ये पाणी भरपूर, वेफरला खालून ओल लागते आणि वरचा भाग कोरडा राहतो, मग ती वळणारच, दाबून ठेवली तरी. आयसिंग शीट तीच ओल घेऊन मऊ होते आणि क्रीममध्ये बसून जाते, कडा दिसत पण नाहीत. व्हिपवर माझ्याकडून फक्त आयसिंग शीट.

आता रंग पसरण्याचं. खायची शाई पाण्यात विरघळणारीच असते, त्यामुळे वरून पाण्याचा थेंब पडला की ती चालू लागते. थंड केक गरम हवेत आणला की त्यावर दव धरतं, आणि आपल्याकडे मे महिन्यात घरोघरी कूलर सुरू, म्हणजे बाहेर हवा कोरडी ठणठणीत पण खोलीत दमट. ही गोष्ट पुण्या-मुंबईचे व्हिडिओ बघून कळत नाही. फोटोचं काम करताना कूलर बंद करा, एसी असेल तर त्या खोलीत करा. आणि शीट पाकिटातून अगदी लावायच्या वेळीच काढा, कारण कूलर बंद करून उन्हाळ्याच्या हवेत उघडी राहिली तर पापडासारखी कडक होते आणि सोलताना मोडते. उरलेल्या शीट झिप पाकिटात, सपाट, अंधारात. फ्रिजमध्ये नको.

सदरचा_प्रिंटरदादा

जुन्या प्रिंटरचं मी सांगतो, माझं कामच दुरुस्तीचं आहे. ज्या प्रिंटरमध्ये एकदा पण साधी शाई गेली तो खायच्या शाईसाठी वापरायचा नाही म्हणजे नाही. टाकी धुतली, कार्ट्रिज नवीन टाकली, तरी हेडमध्ये म्हणजे शाई सोडणाऱ्या भागात, नळ्यांमध्ये, खालच्या स्पंजमध्ये जुनी शाई राहतेच आणि ती खाण्यासाठी बनलेली नसते. लहान पोट्टे तो फोटोच आधी उचलून खातात, म्हणून एवढं जोर देऊन सांगून राहिलो. तो प्रिंटर मुलाच्या प्रोजेक्टसाठी राहू द्या.

नवीन घ्यायचा असेल तर पहिल्या दिवसापासून फक्त खायची शाई. दोन गोष्टी बघजो. एक, हेड काढून धुता येतं का. कॅननच्या बऱ्याच मॉडेलमध्ये येतं म्हणून केकवाले तेच जास्त घेतात, एप्सनमध्ये हेड आतच बसवलेलं असतं, चोक झालं की खर्चिक काम. दुसरं, कागद मागून सरळ उभा आत जाणारा पाहिजे. खालच्या ट्रेवाल्या प्रिंटरमध्ये कागद आत उलटा वळून बाहेर येतो, आयसिंग शीट त्या वळणात अडकते, वेफर तुटते.

आणि प्रिंटर घेतला की तो चालवत राहावा लागतो. खायची शाई हेडमध्ये लवकर सुकते, आपल्या उन्हाळ्यात तर विचारूच नका. ऑर्डर असो नसो, आठवड्यातून दोनदा साध्या कागदावर चारही रंगांची एक पट्टी काढा. महिन्याला दोन-चारच फोटो केक असतील तर बाहेरून प्रिंट आणणंच परवडतं, हे खरं सांगतो.

महालच्या_काकू

वेफरला एवढं वाईट नका म्हणू गं. व्हिपवर नाही चालत हे बरोबर, पण चॉकलेटवर उत्तम बसते कारण तिथे पाणीच नाही. आणि उभे टॉपर, फुलपाखरं, फुलं वेफरचीच होतात, आयसिंग शीट उभी राहत नाही. मी तान्ह्या पोळ्याला कपकेकवर सजवलेले नंदीबैल वेफरचेच लावते, कापून, सगळ्यात शेवटी, मुलं खूश होऊन जातात. फोंडंटवर, म्हणजे साखरेच्या लाटून लावायच्या थरावर, लावायची असेल तर ब्रशने पाणी नाही, पायपिंग जेलचा (केक सजवायच्या पारदर्शक गोड जेलचा) अगदी पातळ हात मागून.

मनीषनगरची_केकवाली

सगळ्यांचे खूप खूप आभार! आत्ता बघितलं, वेफरच आहे. कडक आणि आवाज करणारी. म्हणजे लाटा त्याच्यामुळे. इतवारीत सामान आणायला उद्या जातेच आहे तर आयसिंग शीटवर काढून मिळते का विचारते. पण आता वेळेचं सांगा ना, शनिवारी हॉल वर्धा रोडला आहे, ते संध्याकाळी पाच वाजता केक न्यायला येणार आणि कापणार आठला. फोटो कधी लावू? आणि त्या काळ्या रंगाचं काय?

धरमपेठ_बेक्स

केक आदल्या रात्रीच क्रीम लावून फ्रिजमध्ये घट्ट होऊ द्या. शनिवारी चार-साडेचारला बाहेर काढा, वर दव दिसलं तर टिश्यू नुसता टेकवून टिपून घ्या, घासायचं नाही, मग शीट मधून सुरू करून कडेकडे हाताने बसवा. हात पूर्ण कोरडे पाहिजेत. सोलताना चिकटत असेल तर टेबलाच्या कडेवरून मागची बाजू खाली ओढा, सुटते, नाही तर एखादा मिनिट फ्रीजरमध्ये ठेवून बघा. लावल्यावर परत फ्रिजमध्ये टाकायची घाई करू नका, एसी गाडीत नेणार असतील तर तसाच जाऊ द्या.

पण तीन तास आणि मे महिना म्हणून मी तुमच्या जागी असते तर वेगळं केलं असतं. पांढऱ्या कंपाउंड चॉकलेटची पातळ चकती करा, ती सेट झाली की मागून जरासं जेल लावून शीट तिच्यावर बसवा, आणि ती चकती केकवर ठेवा. क्रीमचं पाणी फोटोपर्यंत पोहोचतच नाही. शिवाय त्या काकूंना सुरी फोटोवरून न फिरवता चकती उचलून बाजूला ठेवता येईल, लग्नातल्या फोटोवर सुरी चालवायला पुष्कळांचं मन होत नाही. एवढंच की चकती उन्हात नरम पडते, गाडीत थंड पाहिजेच.

साइज विसरू नका. A4 शीट 21 सेंमी रुंद असते म्हणजे 8 इंचाच्या वर गोल फोटो एका शीटवर येतच नाही, आणि कडेला बॉर्डरसाठी जागा सोडून केकपेक्षा अर्धा-एक इंच लहानच काढा.

प्रतापनगर_होमबेकर

काळ्याबद्दल मी सांगते. पुष्कळ खायच्या शायांमध्ये खरा काळा नसतोच, निळा लाल पिवळा मिळून काळा बनतो, एक रंग जरा कमी आला की केस हिरवट नाही तर चॉकलेटी दिसतात. प्रिंटवाल्याला आधी नोझल चेक, म्हणजे सगळ्या छिद्रांतून शाई येते का बघायची चाचणी प्रिंट, काढायला सांगा, तुटक रेषा आल्या तर त्याने हेड साफ करूनच तुमची प्रिंट काढावी, हे मागायला लाजू नका, पैसे देतो आपण. आणि प्रिंटर पांढरा रंग छापत नाही, पांढरा म्हणजे शीटचाच, त्यामुळे पिवळसर शीट किंवा पातळ वेफर चॉकलेटवर ठेवली तर चेहरे काळवंडतात. फोटो देण्याआधी मोबाइलमध्येच थोडा उजळ करा.

जुना अल्बमचा फोटो असेल तर प्लास्टिकमधून बाहेर काढून खिडकीजवळ, फ्लॅश न मारता घ्या, आणि दुकानदाराला व्हॉट्सअॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. साध्या पद्धतीने पाठवला की तो दाबून लहान होतो आणि केकवर चेहरा धूसर येतो. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या फोटोंचं दुखणं हेच असतं.

अजून एक, शाईच्या बाटलीवर एफएसएसएआयचा (सरकारी अन्नसुरक्षा संस्थेचा) नंबर, घटक आणि तारीख बघूनच घ्या किंवा दुकानात बाटली दाखवायला सांगा. आपल्याकडे खाण्यात 8 च सिंथेटिक रंगांना परवानगी आहे, टार्ट्राझिन, सनसेट यलो, कार्मोइसिन, ब्रिलियंट ब्लू वगैरे. लेबल नसलेली सुटी शाई कितीही स्वस्त मिळाली तरी नको.

मनीषनगरची_केकवाली

चकतीची आयडिया फार आवडली, तशीच करते. काकूंना आत्ताच फोन करून फोटो परत काढून पाठवायला सांगितला, आधीचा अल्बमच्या प्लास्टिकवरूनच मोबाइलने काढला होता त्यांनी. प्रिंटर सध्या नाही घेत, दिवाळीपर्यंत ऑर्डर किती येतात ते बघून ठरवीन. प्रिंटरदादा, तेव्हा मॉडेल विचारायला येईन.