१/३५ शर्मन रणगाड्याच्या मॉडेलचा आतला भाग स्वतः घडवतोय, सुरुवात कुठून करू?

प्रश्न: १/३५ प्रमाणातला (खऱ्याच्या पस्तिसाव्या भागाएवढा) एम४ए३ शर्मन जोडतोय. झाकणं उघडी ठेवायची आहेत, पण किटमध्ये आत नुसती पोकळी आहे. चालकाची जागा आणि बुरुजाचा (वरच्या फिरत्या, तोफेच्या भागाचा) आतला भाग स्टायरीन या प्लास्टिकच्या शीटमधून करायचाय. दोन आठवडे फोटोच बघतोय, कटर हातात घ्यायला मन धजावत नाही. आधी बुरुज की पुढचा भाग? बाजूच्या भिंती आतून घासून पातळ करू का?

उत्तर: घास, पण आधी मोज. बाजूचं चिलखत ३८ मिमी, ३५ ने भागलं की जेमतेम १.१ मिमी. उघड्या झाकणाच्या कडेला ही जाडी लगेच दिसते.

बुरुज नंतर. इंजिन मागे असलं तरी गिअरबॉक्स पुढे, चालक आणि सहचालकाच्या मधोमध. दोन्ही सीटची जागा तोच ठरवतो. इंजिनपासून येणारा शाफ्ट बुरुजाच्या बास्केटखालून, म्हणजे बुरुजाखाली लटकणाऱ्या, त्याच्यासोबत फिरणाऱ्या तळाखालून जातो. मी बास्केट आधी चिकटवली, शाफ्टला जागाच उरली नाही. महिन्याचं काम उखडावं लागलं, आजही हळहळतो.

दुसरं उत्तर: आतून पांढरा रंग दे, पण झाकणांची आतली बाजू बाहेरच्या हिरव्या रंगातच. उघडल्यावर पांढरं लांबून दिसू नये म्हणून.

प्रश्नकर्ता: आणि गोळे?

पहिलं उत्तर: व्यास ७५ मिमी, ३५ ने भागलं की साधारण २.१ मिमी. दोन मिमीची गोल काडी घे, टोक ड्रिलमध्ये फिरवत घास. वीस केलेस की हात बसतो.

प्रश्नकर्ता: आज रात्री गिअरबॉक्सला हात घालतो.