प्राथमिक चौकशीत माझ्या जबाबात मी न बोललेली वाक्यं घातली आहेत. सही करावी का?

खाकीतली_एक

नमस्कार. जिल्हा सांगत नाही, समजून घ्याल. मी एका ग्रामीण पोलीस ठाण्यात अंमलदार आहे. आमच्या ठाण्यातले एक अधिकारी दिवाळीपासून सकाळच्या हजेरीला माझ्यावर शेरे मारतात. आधी गणवेश अंगाला कसा बसतो यावरून सुरू झालं, ते शब्द इथे लिहिवत नाहीत. मग आडनावावर आलं. गेल्या महिन्यात सगळ्या स्टाफसमोर जातीचं नाव घेऊन म्हणाले, "कोट्यातून आलेल्यांना कॉम्प्युटरवर बसवलं की असंच होणार." त्याच दिवशी माझ्याकडचं सीसीटीएनएसचं (गुन्ह्यांच्या नोंदींची संगणक प्रणाली) काम काढलं. आता रोज समन्स-वॉरंट, आणि बंदोबस्त आला की यादीत पहिलं नाव माझं.

मी एसपी ऑफिसच्या बारनिशीत (आवक-जावक शाखेत) दीड पानी अर्ज दिला. शिक्का मारलेली पोच माझ्याकडे आहे. त्यानंतर थोड्याच दिवसांत मला कसुरीची नोटीस आली, हजेरीला १० मिनिटं उशीर म्हणून. तोवर मला साधी तोंडी ताकीदही कधी मिळालेली नव्हती. अर्जाची प्राथमिक चौकशी ज्यांच्याकडे दिली ते त्याच अधिकाऱ्यांचे बॅचमेट आहेत.

परवा जबाबाला बोलावलं. मी सांगत होते, रायटर टाईप करत होता, आणि साहेब मधूनमधून त्याला स्वतः वाक्यं सांगत होते. प्रिंट हातात आली तर शेवटी असं: "सदरचा प्रकार कामाच्या ताणातून माझ्या गैरसमजामुळे घडला असावा. माझी आता कोणाविरुद्ध तक्रार राहिलेली नाही." मी यातलं काहीच बोललेले नाही. तब्येतीचं सांगून सही न करता निघून आले. तेव्हापासून फोन चालू आहेत, "येऊन सही करून जा, अहवाल पाठवायचाय."

सही नाकारली तर आज्ञाभंग होतो का? चौकशी अधिकारी बदलून मागता येतो का? कोणी म्हणतं विशाखा समितीकडे जा, कोणी म्हणतं सरळ ॲट्रॉसिटी दाखल कर. घरचे म्हणतात गप्प बस, अजून २० वर्षं नोकरी काढायचीय. कृपया माहितगारांनीच सांगावं.

निवृत्त_निरीक्षक

सही करू नकोस. आधी हे, बाकीचं नंतर.

मी पोलीस निरीक्षक म्हणून निवृत्त झाले. प्राथमिक चौकशा केल्या, डी.ई. (रीतसर विभागीय चौकशा) केल्या, शेवटची काही वर्षं तक्रार समितीची अध्यक्ष होते. म्हणून अधिकारानेच सांगते. बोलावलं की जायचं, जाताना ठाण्यात स्टेशन डायरीला नोंद करायची. हजर राहिली नाहीस तर तो कसूर धरता येईल. जे बोललीच नाहीस त्याच्याखाली सही न करणं हा कसूर धरता येत नाही. प्रिंट पुन्हा माग, सावकाश पूर्ण वाच, ती दोन वाक्यं काढायला सांग. काढत नसतील तर जबाबाच्या शेवटी स्वतःच्या अक्षरात लिही: "वरील शेवटची दोन वाक्ये मी सांगितलेली नाहीत व ती मला मान्य नाहीत." खाली तारीख, वेळ आणि मग सही. तेवढंही करू दिलं नाही तर बाहेर ये, त्याच दिवशी तुझा जबाब हाताने लिही आणि एसपी साहेबांच्या नावे बारनिशीत देऊन पोच घे.

सहीसाठी इतके फोन का येतायत ते समजून घे. आपल्या खात्यात असली प्रकरणं डी.ई.पर्यंत पोचतच नाहीत, त्याच्या आधीच मरतात. डी.ई. लागली की मुंबई पोलीस (शिक्षा व अपिले) नियम, १९५६ लागू होतात. दोषारोपपत्र, साक्षीदार, उलटतपासणी, सगळं लेखी. तिथे कोणाचं तोंड दाबणं सोपं नाही. प्राथमिक चौकशीत तसं काही नसतं. एक अधिकारी, एक रायटर, दार लोटलेलं. अहवालाच्या शेवटी "तक्रारीत तथ्य आढळून येत नाही, सबब अर्ज दप्तरी दाखल होणेस विनंती आहे" एवढं आलं की विषय संपतो. हे वाक्य अंगावर न येता लिहायचं तर तक्रारदाराचाच जबाब हाताशी लागतो. तुझ्या सहीची किंमत तेवढी आहे. मला यावर फार राग येतो. बाहेरच्या बाईचा जबाब बदलला तर आपण किती गंभीर धरतो, आणि आपल्याच गणवेशातल्या मुलीचा जबाब बदलताना कोणाला काही वाटत नाही.

चौकशी अधिकारी बदलून मिळावा म्हणून एसपींकडे अर्ज कर. कारणं दोनच लिही: ते संबंधितांचे बॅचमेट आहेत, आणि जबाबात न सांगितलेला मजकूर घातला. विशेषणं नकोत. प्रत परिक्षेत्राच्या आयजी (पोलीस महानिरीक्षक) साहेबांना.

आता मुख्य गोष्ट. तू दीड पानात दोन वेगळ्या तक्रारी एकत्र घातल्यास, आणि त्यामुळेच त्यांना दोन्ही एकाच चौकशीत बुडवणं सोपं जातंय. त्या वेगळ्या कर.

अंगावरून, गणवेशावरून जे शेरे आहेत ते २०१३ च्या लैंगिक छळ प्रतिबंध कायद्यात येतात. ते अंतर्गत तक्रार समितीकडेच जायला हवेत, बॅचमेट साहेबांकडे नाही. (सगळे अजून विशाखा समितीच म्हणतात, १९९७ च्या निकालामुळे.) समितीची अध्यक्ष वरिष्ठ दर्जाची महिला लागते, निम्म्याहून कमी महिला चालत नाहीत, एक सदस्य खात्याबाहेरचा लागतो. शेवटच्या घटनेपासून ३ महिन्यांच्या आत अर्ज द्यायचा असतो. कारण पटलं तर समिती आणखी ३ महिने वाढवू शकते, पण त्या भरवशावर राहू नकोस. अर्जात तारीखवार लिही: कोणता दिवस, हजेरी कुठे झाली, नेमके शब्द काय होते, कोण हजर होतं. शब्द घाण आहेत म्हणून "अश्लील बोलले" एवढ्यावर सोडू नकोस. समितीवर असताना मी असे अर्ज पाहिलेत, समोरचा सहज म्हणतो की मी फक्त शिस्तीबद्दल बोललो होतो. जसं ऐकलंस तसं लिही, लाज त्यांना वाटू दे.

या समितीचं महत्त्व अनेक अधिकाऱ्यांनाही माहीत नसतं. पुण्याच्या मेधा कोतवाल-लेले यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये स्पष्ट केलंय की समितीचा अहवाल हाच शिस्तभंगाच्या कारवाईसाठीचा चौकशी अहवाल मानायचा. समितीने ९० दिवसांत चौकशी संपवायची आणि अहवाल मिळाल्यावर ६० दिवसांत त्यावर कारवाई व्हायला हवी. चौकशी चालू असताना तू लेखी मागितलंस तर तुझी किंवा त्यांची बदली, ३ महिन्यांपर्यंत रजा, आणि तुझा गोपनीय अहवाल (कामाच्या मूल्यमापनाचा) त्यांच्याऐवजी दुसऱ्या अधिकाऱ्याने लिहावा, अशी शिफारस समिती करू शकते. हे शेवटचं नक्की माग. समेटाची गोष्ट कोणी काढली तर लक्षात ठेव, समेट फक्त तू स्वतः विनंती केलीस तरच होतो, आणि पैशाच्या बोलीवर तर होतच नाही.

जातीवरून जे बोलले त्याचा अर्ज वेगळा. तू अनुसूचित जाती किंवा जमातीची असशील आणि ते नसतील, तर सर्वांसमक्ष जातीवाचक बोलून अपमान करणं हा १९८९ च्या ॲट्रॉसिटी कायद्याच्या कलम ३(१)(आर) आणि (एस) खाली गुन्हा आहे. "आधी चौकशी करू, मग गुन्ह्याचं बघू" असं तुला ऐकवतील. २०१८ च्या दुरुस्तीने आलेलं कलम १८-ए सांगतं की गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीची गरज नाही. तपास डीवायएसपी दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा. आणि कलम ४ वाचून घे: तोंडी फिर्याद लिहून घेतल्यावर ती वाचून दाखवून मगच सही घ्यायची, हे तिथे लोकसेवकाचं कर्तव्य म्हणून लिहिलंय. अधिकारी अनुसूचित जाती-जमातीचा नसेल आणि मुद्दाम टाळाटाळ केली तर त्याला ६ महिने ते १ वर्ष कैद आहे. गुन्हा दाखल करायचा की नाही ते तू ठरव. त्यात घरच्यांचं, माझं किंवा इथल्या कोणाचं ऐकू नकोस, निभावायचं तुलाच आहे.

एक काम मात्र आजच कर. हजेरी जिथे होते तिथे कॅमेरा आहे का बघ. परमवीर सिंग सैनी प्रकरणात डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक पोलीस ठाण्यात आवाजासह सीसीटीव्ही आणि १८ महिन्यांचं रेकॉर्डिंग ठेवायला सांगितलंय. तारीख आणि वेळ देऊन ते फुटेज जपून ठेवण्याचा अर्ज दे. पुढे कोणी "बिघाड होता" म्हणालंच, तर तुझ्या अर्जानंतर तो बिघाड कधी नोंदवला हे त्यांना सांगावं लागेल.

मॅट_वकील

मॅडमनी बहुतेक सगळं सांगितलं, मी फक्त कसुरी आणि बदलीपुरतं लिहितो. कसुरी नोटिशीला मुदतीत लेखी उत्तर द्याच. आधीच्या तक्रारीचा राग त्यात आणू नका. हजेरी रजिस्टरची प्रत मागा, त्या दिवशीची खरी वेळ लिहा, आणि शेवटी फक्त दोन तारखा: तुमचा अर्ज बारनिशीत कधी आला आणि नोटीस कधी निघाली. या दोन तारखा शेजारी आल्या की पुढे वाद करायला सोपं जातं. शिक्षा झालीच तर आधी खात्यात अपील, मग महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण. तिथे साधारण १ वर्षाची मुदत असते, ती हातची घालवू नका.

मुदतपूर्व बदली केली तर महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम २२-एन बघा. अंमलदाराचा एका ठिकाणचा सर्वसाधारण कार्यकाळ ५ वर्षांचा आहे. मुदतीआधी हलवायचं तर आस्थापना मंडळाचा निर्णय आणि सबळ कारण लागतं. "तक्रारदार आहे म्हणून हलवली" हे सबळ कारण होत नाही.

जुना_हवालदार

मी दुसऱ्या बाजूने गेलेलो माणूस आहे. माझ्यावर एका सहकाऱ्याने तक्रार केली होती, डी.ई. लागली, शेवटी दोषमुक्त झालो. पण मधल्या काळात माझी बढती मोहोरबंद पाकिटात पडून होती, आणि चौकशी अधिकारी मला साक्षीदारांचे जबाबसुद्धा देत नव्हते. म्हणून सांगतो, चौकशी अधिकारी बदलून मागणं हे कोणाच्या विरोधात नाही. बॅचमेटने क्लीन चिट दिली तर ठाण्यात कोणी ती खरी मानत नाही. तो अधिकारी खरंच निर्दोष असेल तर त्यालाही बाहेरच्या माणसाकडून चौकशी हवी असेल. ताई, तुमचा जबाब बदलला हे चूकच. फक्त अर्जात जेवढं स्वतः ऐकलंय तेवढंच लिहा. माझ्या वेळी ऐकीव गोष्टींनी अर्ज फुगवला होता, आणि त्या नादात जे खरं होतं तेही कोणी नीट पाहिलं नाही.

खाकीतली_एक

सगळ्यांचे आभार. आज जाऊन आले. साहेबांनी वाक्यं काढायला नकार दिला, मग मी खाली स्वतः लिहून सही केली. रायटर माझ्याकडे बघत राहिला, काही बोलला नाही. सीसीटीव्हीचा अर्जही दिला, पोच मिळाली.

अजून दोन प्रश्न. हजेरीला माझ्या शेजारी उभी असलेली मैत्रीण आता म्हणते, "मला यात घेऊ नकोस, माझी मुलं लहान आहेत." तिचं नाव साक्षीदार म्हणून लिहू का? आणि समितीचे सदस्य कोण आहेत हे ऑफिसात कोणीच सांगत नाही, बोर्डही नाही. काही जण म्हणतात पत्रकाराला सांग, लगेच हलतील.

निवृत्त_निरीक्षक

छान केलंस. त्या जबाबाची नक्कल लेखी मागून ठेव.

मैत्रिणीला गळ घालू नकोस, तिच्यावर रागावूही नकोस. हजेरीला कोण कोण हजर होतं ती पूर्ण यादी दे, तिचं नाव त्यात आपोआप येईल. समितीला दिवाणी न्यायालयासारखे समन्स काढायचे अधिकार आहेत. मैत्रिणीसाठी येणं आणि समन्स आलं म्हणून येणं यात तिच्या दृष्टीने मोठा फरक पडतो. ठाण्यात तिला सांगता येतं की मला बोलावलं म्हणून मी गेले. अशा बायका समितीसमोर बसल्यावर खरं बोललेल्या मी पाहिल्या आहेत.

पत्रकाराकडे जाऊ नकोस. १९६६ च्या पोलीस दल (हक्क निर्बंध) कायद्यामुळे आपल्याला ती मोकळीक नाही, आणि समितीच्या कामकाजाची गोपनीयताही कायद्यातच आहे. तक्रार त्यांच्यावर आहे, ती तुझ्यावर फिरवायला निमित्त देऊ नकोस. व्हॉट्सॲप ग्रुपवरही एक अक्षर नको.

समितीच्या स्थापनेचा आदेश दर्शनी भागात लावणं कलम १९ प्रमाणे कार्यालयाचं काम आहे. आदेशाची प्रत मागणारा दोन ओळींचा अर्ज दे. समितीच स्थापन नसेल तर त्याला ५०,००० रुपयांपर्यंत दंड आहे, हे अर्जात लिहायची गरज नाही, वाचणाऱ्याला माहीत असतं. उत्तराची वाट बघत ३ महिने मात्र जाऊ देऊ नकोस. मूळ तक्रार "अध्यक्ष, अंतर्गत तक्रार समिती, द्वारा पोलीस अधीक्षक" अशा पत्त्यावर याच आठवड्यात दे. नियमाप्रमाणे सहा प्रती, सोबत साक्षीदारांची यादी. तीच तक्रार केंद्राच्या शी-बॉक्स (लैंगिक छळाच्या ऑनलाइन तक्रारींसाठीचं) पोर्टलवरही टाक आणि नोंदणी क्रमांक लिहून ठेव. मसुदा झाला की नावं काढून मला इथे व्यक्तिगत निरोपात पाठव, मी वाचून देते.