लांब हातांचा योगी आणि ‘सर्कस’

रविवारचा_खेळ: ‘ब्रूस ली गेला आणि कुंगफू सिनेमाची सर्कस झाली’ असं काल इथे कुणीतरी ठोकून दिलं. उदाहरण काय, तर १९७६चा ‘मास्टर ऑफ द फ्लाइंग गिलोटिन’. रात्रभर डोक्यातून गेलं नाही, म्हणून लिहितोय. गिलोटिन म्हणजे साखळीची टोपी. ती डोक्यावर पडते, आतली पाती मिटतात, मुंडकं घेऊन परत. अचाट आहेच! पण टोपी फेकणारा आंधळा, नायकाला एकच हात, आणि तो जिंकतो कसा ते बघा. बांबूंवर टोपी अडकवून पाती निकामी करतो, मग शवपेट्यांच्या दुकानात दडवलेल्या कुऱ्हाडी सोडतो. अनवाणी लढणाऱ्या थाई गड्याला तर तापवलेल्या लोखंडी जमिनीवर नाचवतो. इतकं डोकं लावून रचलेल्या मारामारीला सर्कस कसं म्हणवतं?

साधा_ठोसा: कालचं मीच लिहिलं, मागे घेत नाही. नऊ वर्षं कराटे केलंय, गुडघा त्यातच गेला. नीट बसलेला एक ठोसा पुरतो, हे अंगावर घेतलंय. ब्रूस लीच्या मारात ते वजन दिसतं. ‘गिलोटिन’चा एकहाती नायक झालेला जिमी वाँग यू मूळचा पोहणारा. सदऱ्याखाली कोंबलेला हात पोरांनासुद्धा दिसतो.

रविवारचा_खेळ: ‘द बिग बॉस’, १९७१. ब्रूस ली एकाला हाणतो आणि लाकडी भिंतीला माणसाच्या आकाराचं भोक पडतं. हे वजन का?

कृष्णाकाठ: ‘गिलोटिन’मधल्या त्या हिंदुस्थानी योग्याबद्दल कुणीच कसं बोलत नाही? पागोटं बांधलेला, काळा रंगवलेला, आणि हात रबरासारखे लांबतात. मी हाँगकाँगला नोकरीत होतो. ऑफिसात वरच्या कप्प्यातली फाइल हवी असली की ‘तूच काढ, हात लांब कर’ म्हणायचे. दोन वर्षं ऐकलं. तुम्हाला मजा वाटते.

रविवारचा_खेळ: त्यांचं चुकलंच. पण अंग हवं तसं लहान-मोठं करायच्या अणिमा-महिमा सिद्धी आपल्याच पोथ्यांत आहेत ना? चांगदेव वाघावर बसून आले, ज्ञानोबांनी भिंत चालवली, हे ऐकतच वाढलो आपण.

कृष्णाकाठ: माउलींना या मारामारीत ओढू नका! शब्द मागे घ्या.

साधा_ठोसा: यांच्याशी मी पूर्ण सहमत.

रविवारचा_खेळ: मी माउलींना कमी लेखलं नाही. अद्भुताची गोडी आपल्यालाही आहे, एवढंच म्हणालो. तेही बोलायचं नाही का?

तिसरी_रांग: माझ्या वडिलांचा उजवा हात कारखान्यात पॉवर प्रेसखाली गेला. १९८७ला गल्लीत भाड्याचा व्हीसीआर आला. दोन हिंदी पिक्चर झाले, सगळे पेंगले. हा लागला तसे वडील ताठ बसले. त्यांच्या रेझरमध्ये रोज ब्लेड मी घालून द्यायचो. दुसऱ्या दिवशी हाक आली नाही. मोरीत डोकावलो तर दांडी गुडघ्यांत धरून ब्लेड बसवत होते. सदऱ्याखालचा हात त्यांनाही दिसला असणारच.

साधा_ठोसा: यावर मी काय बोलणार. तापलेल्या जमिनीचा प्रसंग आज परत पाहिला. पायांचं काम खरं आहे. मारामाऱ्या लाउ कार-ल्युंग आणि त्यांच्या भावाने बसवल्यात, ते कुंगफूच्या अस्सल घराण्यातले. तेवढं मान्य. कुऱ्हाडी मान्य नाहीत.

कृष्णाकाठ: आणि माउलींचं?