‘पेशींची आत्महत्या’ की ‘पानगळ’?

माझी भाची शिवाजी विद्यापीठात शिकते. त्वचेच्या गाठींवर मराठीत टिपण लिहितेय. ‘अ‍ॅपॉप्टोसिस’ला, म्हणजे पेशी आपणहून मरते त्याला, तिनं ‘पेशींची आत्महत्या’ असा शब्द योजलाय. मला तो खटकतो. दुसरा काही आहे का?

▪ खटकणारच, ताई. आत्महत्या म्हटलं की निराशा आली. इथं पेशी शिस्तीत आवरतं घेते: आक्रसते, आतल्या डीएनएचे तुकडे होतात, तिची बारीक पुडकी बनतात आणि आजूबाजूच्या पेशी ती गिळून टाकतात. सूज नाही, पू नाही. भाजल्यावर पेशी फुटून सूज येते, ते वेगळं, नेक्रोसिस. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थच पानं-पाकळ्या गळणं. केर, वायली आणि करी या संशोधकांनी तो १९७२ साली एका लेखातून रूढ केला. सुचवला होता अ‍ॅबर्डीनचे ग्रीकचे प्राध्यापक जेम्स कॉर्मॅक यांनी. दुसरा ‘प’ उच्चारू नका असंही त्याच लेखात आहे. ऐकतंय कोण! तर माझं मत ‘पानगळ’.

▪ पानगळीत अख्खं झाड उघडं पडतं की हो. कातडी कुठं उघडी पडते? आमच्या उसाचं बघा. बुडातलं पान वाळतंय, शेंडा हिरवागार. पाचट म्हणा!

▪ दादा, दाखला झकास. पण पाचट हे वाळल्या पानाचं नाव झालं, गळण्याचं नव्हे.

▪ मग डोक्यातला कोंडा म्हणजे हेच का?

▪ नाही. वरच्या थरातल्या पेशी केराटिन या टणक प्रथिनानं भरून मरतात आणि खवले होऊन टिकून राहतात, नंतर झडतात. तो मरणाचा निराळा मार्ग. टिपणात ही गल्लत नको.

▪ गाठीशी संबंध असा. उन्हातल्या अतिनील किरणांनी डीएनए फार बिघडला की पी५३ हे प्रथिन त्या पेशीला मरायला लावतं. करपलेल्या कातडीत अशा पेशी सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात, त्यांना ‘सनबर्न सेल’च म्हणतात. पी५३चं जनुकच बिघडलं तर गळायची पेशी गळत नाही, उलट तिचीच पिलावळ वाढते. स्क्वेमस, म्हणजे कातडीतल्या चपट्या पेशींच्या कर्करोगात हे सर्रास आढळतं. मेलॅनोमाची, म्हणजे कातडीतल्या रंगपेशींच्या कर्करोगाची, तऱ्हा निराळी: तिथं पी५३ बहुधा शाबूत, पण दाबून ठेवलेलं. त्यात रंगपेशी मुळातच चिवट, मरण टाळणारं बीसीएल-२ हे प्रथिन त्यांच्यात भरपूर. म्हणून ‘गाठ म्हणजे पेशींची जादा वाढ’ हे अर्धंच खरं. न मरणंही त्यात आलं.

▪ शासकीय परिभाषेतलं ‘अर्बुद’ वापरू नका बुवा. ‘गाठ’ बरं. ‘आवाळू’ म्हटलं तर लोकांना मानेवरची मऊ, निरुपद्रवी गाठच आठवते.

▪ ‘नियोजित पेशीमृत्यू’ कसं वाटतं?

▪ मिटिंग घेऊन ठरवल्यासारखं! पण अर्थ चुकत नाही.

▪ भाचीनं मथळ्यात तेच ठेवलंय. पहिल्या परिच्छेदात पानगळ घातली. आणि घरी वाचून दाखवताना आजोबांना पाचटच सांगितलं.