प्लेट बदलण्याआधी फाउंडेशन बघा

तुमची प्रीमियर पद्मिनी गाडी पहिल्या गिअरमध्ये गचके देत सुटते आणि गॅरेजवाल्याने थेट क्लच प्लेट बदला म्हटलंय. थोडं थांबा. माझ्या पद्मिनीला मी याच कारणासाठी नवी प्लेट टाकली, तरी पेडर रोडच्या चढावर थरथर तशीच. दोष निघाला इंजिन फाउंडेशनच्या, म्हणजे इंजिन ज्यावर बसतं त्या आधाराच्या रबरात. तेल लागून ते फुगलं होतं, एका बाजूने फाटलंही होतं.

तपासायला फार काही लागत नाही. बॉनेट उघडा, हँडब्रेक ओढा, कोणाला तरी आधी पहिल्या आणि मग रिव्हर्स गिअरमध्ये क्लच अगदी हळू सोडायला सांगा. गाडी पुढे उसळू शकते, म्हणून तुम्ही बाजूला उभे राहा. इंजिन एका बाजूने जास्त उचललं जातंय का, ते बघा. गिअरबॉक्सखालचं रबर आणि प्रॉपेलर शाफ्टचे (गिअरबॉक्समधून मागच्या चाकांकडे जाणाऱ्या फिरत्या दांड्याचे) जोडही हलवून पाहा.

हे सगळं ठीक असेल तरच क्लच प्लेट बघायला गिअरबॉक्स उतरवा. प्लेटवर तेल दिसलं तर पेट्रोलने धुऊन परत बसवू नका, प्लेटच्या अस्तरात तेल मुरलेलं असतं. आधी गळणारं ऑइल सील बदला, मग प्लेट. फ्लायव्हीलवर (प्लेट ज्यावर दाबली जाते त्या इंजिनच्या जड चाकावर) निळसर डाग असतील तर तो लेथवर घासून घ्या. आतली धूळ हवेने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा. जुन्या अस्तरांत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, त्याची धूळ फुप्फुसांना घातक.

आणि हो, गाडी पावसाळ्यात बरेच दिवस उभी होती का? फ्लायव्हीलला हलका गंज चढला असेल तर थोडं चालवल्यावर गचके आपोआप जातात.