‘आमच्याकडे पामतेल नाही’: नाव न घेता मारलेले टोमणे, तुमचे अनुभव?

शेवकांडी: काल लेकाने आइस्क्रीमचा डबा आणला, बघते तर बारीक अक्षरांत ‘फ्रोझन डेझर्ट’, म्हणजे दुधाच्या फॅटऐवजी वनस्पती तेल. २०१७ मध्ये अमूलने जाहिरातीत हेच उकरून काढलं होतं, प्रकरण मुंबई हायकोर्टात गेलेलं. मला मात्र १९८९ ची दिवाळी आठवली. बाबांचं फरसाणचं दुकान. समोरच्याने पाटी लावली, ‘आमच्याकडे रेशनचे पामतेल वापरत नाहीत’. नाव कुणाचंच नाही, पण गल्लीत दुकानं दोनच! गिऱ्हाईक शेवेचा कागद बोटाने दाबून वास घ्यायला लागलं. बाबा भांडले नाहीत. शेंगतेलाचा १५ किलोचा डबा कढईशेजारी, लेबल रस्त्याकडे करून ठेवला. तरी चिवडा उरलाच. तुळशीच्या लग्नापर्यंत आम्हीच संपवला.

बिनसाखरेचा: रिन-टाइड! २०१० ना? रिनच्या जाहिरातीत बसमधून दोन पोरं उतरतात, एकाचा शर्ट पांढराशुभ्र. तिथे तर टाइडचं पाकीट सरळ दाखवलेलं. कलकत्ता हायकोर्टाने बंद करायला लावली. आमच्या घरी तेव्हा निरमा, त्यामुळे भांडण फुकटात बघितलं.

खिडकीची सीट: मुंबईतलं होर्डिंग कुणी पाहिलंय का? जेट एअरवेजचं ‘आम्ही बदललोय’, त्याच्या डोक्यावर किंगफिशरचं ‘आम्हीच त्यांना बदलायला लावलं’. २००७. आज दोघंही जमिनीवर 😀

तारीखपेतारीख: शेवकांडीताई, नाव न घेताही पकडता येतं बरं. कोलगेटच्या टूथपावडरच्या जाहिरातीत सुनील शेट्टी लाल दंतमंजन घेणाऱ्याला त्याचे तोटे सांगायचा. डाबरचं नाव नाही, तरी डाबर दिल्ली हायकोर्टात गेली आणि कोर्टाने २००४ मध्ये जाहिरात थांबवली. आपला माल जगात भारी म्हणा, चालतं. दुसऱ्याचा वाईट म्हणायचं नाही.

शेवकांडी: हे बाबांना तेव्हा कोण सांगणार! आणि वकिलाची फी चिवड्यात घेतली असतीत का?

तारीखपेतारीख: शेंगतेलातला असेल तर विचार केला असता.

दोन मुलांची आई: आमच्या गावातल्या एका क्लासचं पत्रक, ‘इतरांसारखे आम्ही उसने टॉपर छापत नाही’. खाली सहा फोटो. त्यातली एक माझी भाची, तिथे फक्त एक डेमो लेक्चर बसलेली. ताईने फोन केला तर म्हणे मिठाई पाठवतो. कुकर झाला, येते नंतर.

बिनसाखरेचा: मिठाई आली का?

पोहेवाली: पातळ पोह्यांचा चिवडा मऊ पडतोय, काय करू? धाग्याशी संबंध नाही, सॉरी.

शेवकांडी: पोहे आधी उन्हात, मग मंद आचेवर कोरडे भाजा. मीठ-साखर शेवटी, गार झाल्यावर.
बाबांना सगळे प्रतिसाद वाचून दाखवले. म्हणाले, “त्या पाटीवर ‘वापरत’चा ‘व’ खाली घसरलेला होता, ते नाही का लिहिलंस?”

दोन मुलांची आई: नाही आली.