रोज सकाळी इनिटरामएफएसवर अडकतो, दुपारी मात्र नीट सुरू होतो

दारव्हा_लॅब:
शाळेतला जुना पीसी आहे. कोअर टू ड्युओ, 2 जीबी रॅम, डेबियन 12 लिनक्स. सकाळी चालू केला की ‘इनिटरामएफएस’ (लिनक्स पूर्ण सुरू होण्याआधीची छोटी सिस्टीम) प्रॉम्प्टवर थांबतो, वर ‘रन एफएससीके मॅन्युअली’, म्हणजे डिस्क तपासून दुरुस्त करायची कमांड हातानं चालवा, असं लिहून येतं. ते चालवलं की सुरू होतो. दुपारी रिस्टार्टला काही तक्रार नाही. संध्याकाळी मेन स्विच बंद करतो, शिवाय लाइन सारखी जातेच. नेट आहे. हार्ड डिस्क गेली का? पुन्हा इन्स्टॉल करू?

वणीचा_मेकॅनिक:
इन्स्टॉल करू नका भाऊ, रोग तिथं नाही. प्रॉम्प्ट आल्यावर ‘डेट’ टाइप करून पाहा. साल 2009 वगैरे दिसलं तर मदरबोर्डवरचा, घड्याळ चालवणारा सेल संपला.

होतं असं: नेट लागलं की डेबियन घड्याळ दुरुस्त करतं अन् खरी तारीख डिस्कच्या सुपरब्लॉकमध्ये (फाइल सिस्टीमची मुख्य नोंद) लिहिली जाते. मेन स्विच बंद केला की घड्याळाला फक्त सेलचा आधार, म्हणून सकाळी तारीख मागं जाते. मग शेवटचं माउंट (डिस्क वापरायला जोडल्याची वेळ) ‘भविष्यातलं’ दिसतं अन् एफएससीके आपोआप दुरुस्ती न करता थांबतं. दुपारी एसएमपीएसचा (पीसीच्या पॉवर सप्लायचा) स्टँडबाय पुरवठा चालू असतो, म्हणून तेव्हा सगळं सुरळीत.

सेल सीआर2032, 3 व्होल्टचा. प्लग काढा, नवा सेल बसवताना + बाजू वर ठेवा. मग बायोसमध्ये तारीख अन् बूटचा क्रम दोन्ही तपासा, कारण सेटिंग डिफॉल्टवर गेलेली असते. त्यानंतर एकदा ‘एफएससीके -वाय’ पुढं मेसेजमध्ये दिसतं ते पार्टिशन, अन् ‘एक्झिट’.

अंजनगाव_टक्स:
कारण पटलं. पण ‘गेव्ह अप वेटिंग फॉर रूट’ असा मेसेज आला तर गोष्ट निराळी, तिथं डिस्कच दिसत नसते. ‘कॅट /प्रॉक/पार्टिशन्स’ला एसडीए (पहिल्या डिस्कचं नाव) नसेल तर डिस्कची साटा केबल काढून घट्ट बसवा. डिस्क उशिरा जागी होत असेल तर ग्रबमध्ये (सुरुवातीच्या बूट मेन्यूत) ‘ई’ दाबून लिनक्सच्या ओळीच्या शेवटी ‘रूटडिले=10’ लिहा, मग कंट्रोल-एक्स.

अन् सेल बदलला तरी एकदा डिस्कची तब्येत दाखवणारी ‘स्मार्टसीटीएल -ए’ कमांड, पुढं डिस्कचं नाव देऊन, चालवाच. 5 अन् 197 नंबरच्या ओळीत (खराब सेक्टर) आकडा वाढत असेल तर डिस्क बदला. 199 (डेटा पाठवतानाच्या चुका) वाढत असेल तर संशय आधी केबलवर.

दारव्हा_लॅब:
डेट 2009 च दाखवते. सेल आणतो.

वणीचा_मेकॅनिक:
मीटर असेल तर जुना सेल मोजून पाहा. 2.7 व्होल्टच्या खाली असेल तर शंकाच नाही.